पायऱ्यांवरून आत

[दृश्य: मुंबई, फोर्ट, टाउन हॉल. संध्याकाळ. पायऱ्यांवर गर्दी, तीन-चार मोबाइल एकाच वेळी रोखलेले.]

निवेदन:
टाउन हॉलच्या या पायऱ्या सिनेमात दिसतात, जाहिरातीत दिसतात, रीलमध्ये तर रोजच. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात ती इथेच. इमारत १८३३ची. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. संस्था त्याहून जुनी, १८०४ची. पायऱ्यांवर पोज देणाऱ्यांना विचारून पाहा, आत काय आहे. 'कोर्ट ना?' असंही उत्तर येईल.

म्हणजे कॅमेरा दारापर्यंत पोचलाय. दार उघडून 'या' म्हणायचं काम ग्रंथालयाचं. वाचनालय चालवणाऱ्यांनो, ते छोट्या व्हिडिओतून करता येतं.

आता वाचनालयांचे व्हिडिओ पाहा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, तोही पाहुण्यांच्या भाषणाहून लांब. संस्थेची नोंद म्हणून हे असू द्यावं. पण ज्यानं वाचनालयाचा उंबरा कधी ओलांडला नाही, तो हे का बघेल? तुमच्या कपाटात काय आहे, ते त्याला दाखवा.

[दृश्य: कपाटाची काच सरकते. जुना दिवाळी अंक, कडा झिजलेल्या. एक बोट जाहिरातीच्या पानावर थांबतं.]

निवेदन:
दिवाळी अंकच घ्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात वाचन आलं. जुन्या अंकांचे गठ्ठे कितीतरी वाचनालयांत बांधून ठेवलेले असतात. त्यातला एक सोडा. मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, मग जाहिराती. जाहिराती जरूर दाखवा, लोक तिथेच थांबतात. चित्रात दोन हात आणि पानं उलटल्याचा आवाज पुरे. बोलतील ग्रंथपाल. "बाई, मागच्या वेळसारखं एखादं द्या ना," एवढ्यावरून नेमकं पुस्तक काढून देणारं माणूस काउंटरवर बसलेलं असताना बाहेरून सूत्रसंचालक कशाला आणायचा?

चित्रीकरण खिडकीच्या उजेडात करा, मोबाइलवरच. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करणं म्हणजे काय, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण त्या घरघरीत ग्रंथपालांचं अर्धं वाक्य बुडतं.

[दृश्य: दादर, फलाट. गाडी सुटते. दारातल्या गर्दीत उजळलेले पडदे.]

निवेदन:
तुमचा प्रेक्षक हा. एका हातात कडी, दुसऱ्या हातात मोबाइल. म्हणून व्हिडिओ उभा हवा. डब्यात आवाज बंद असतो, निदान असायला हवा. तेव्हा बोललेलं सगळं पडद्यावर मराठीत, ठळक अक्षरांत. यूट्यूबनं शॉर्ट्स आणले ते २०२०मध्ये, पहिल्यांदा भारतातच. दादर ते ठाणे एवढ्या वेळात माणूस असे किती बघून टाकतो. त्यात एक तुमचा का नको?

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. कथा आवडली म्हणून अख्खी वाचून चॅनलवर टाकता येत नाही. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत राहतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मोकळं आहे. मुलांसाठी दर शनिवारी एक गोष्ट वाचायला सुरुवात तिथून करता येईल. हयात लेखकाला सरळ फोन करा. मराठी लेखक वाचनालयाला सहसा नाही म्हणत नाही. प्रकाशकाला मात्र लेखी विचारा.

[दृश्य: संदर्भ विभाग. मागणीची चिठ्ठी भरणारा हात.]

निवेदन:
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून चालू आहे, दादर पूर्वेला नायगावात. अशा मोठ्या संग्रहात नवखा माणूस बुजतो. चिठ्ठी कुठे भरायची, बॅग कुठे ठेवायची, सभासद नसलं तर बसू देतात का? कुणी विचारत नाही; विचारायची लाज वाटते. हे सगळं मिनिटभरात दाखवता येतं, आणि आमच्या मते वाचनालयानं पहिला व्हिडिओ करावा तो हाच.

ज्या पुस्तकावर व्हिडिओ केला, ते त्या आठवड्यात कुलपात नको, देवघेवीच्या टेबलावर हवं. व्हिडिओखाली वर्गणी किती, अनामत किती, वेळ कोणती, सुट्टी कधी आणि स्टेशनच्या कुठल्या पुलावरून उतरायचं, एवढं लिहा. 'अधिक माहितीसाठी कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा' लिहिलंत, तर संपर्क कुणीही साधणार नाही.