शेपटीला बांधलेली पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

घोड्याचं बीपी मोजायचं म्हटलं की मालक आधी त्याच्या पायाकडे बघतात. पट्टी बांधतात ती शेपटीला, अगदी मुळाशी. शेपटीच्या खालच्या अंगाला मधोमध एक धमनी जाते. पट्टीचा फुगा नेमका तिच्यावर यावा लागतो. पट्टी अरुंद असली तर आकडा उगाच जास्त येतो. घोडा बुजला तरी तेच. म्हणून मोतद्दाराने आधी मानेवरून हात फिरवत त्याला शांत करावं आणि चार-पाच वेळा मोजून सरासरी धरावी.

पहिलं मोजमाप इतकं मायेचं नव्हतं. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी एक चौदा वर्षांची घोडी उताणी बांधली आणि मांडीची धमनी उघडून तिच्यात पितळी नळी घातली. नळीला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच चढलं! हा वृत्तान्त 1733 साली छापला गेला. पाऱ्याच्या हिशेबात तो दाब 190 मिलिमीटरच्या वर जातो. भूल नव्हती. त्या आकड्यात तिची भीतीही मोजली गेली, असं मला ठामपणे वाटतं. आपलं सगळं ज्ञान त्या घोडीपासून सुरू होतं, हे मी विसरू शकत नाही.

आज हे मोजमाप सर्वांत मोलाचं ठरतं ते ऑपरेशनच्या टेबलावर. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आडवं पडलं की खालच्या बाजूचे स्नायू त्याच्याच वजनाखाली दबतात. त्यात भुलीच्या वायूने दाब उतरतो. मग त्या स्नायूंना पुरेसं रक्त पोचत नाही, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही घोड्याला उठता येत नाही. म्हणून सरासरी दाब 70 च्या खाली जाऊ द्यायचा नसतो. इथे शेपटीच्या पट्टीवर भागत नाही. चेहऱ्याच्या किंवा पायाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्यागणिक दाब बघतात. दाब उतरू लागला की भूल हलकी करतात, सलाईन वाढवतात, डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध सुरू करतात. अंगाखाली जाड गादीही हवीच.

तुमच्या घोड्याला मोठी भूल द्यायची ठरली, तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा: धमनीत नळी घालणार का, आणि पूर्ण वेळ त्या आकड्यावर नजर कोण ठेवणार?