कोटा, चेक आणि पावती

[दृश्य: सकाळ. आंबेतचा पूल, खाली सावित्रीची खाडी. पुलावरून एक रिक्षा, दोन दुचाकी.]

सावित्री नदी इथे खाडीला लागते. अलीकडे आंबेत, म्हणजे रायगड जिल्हा. पलीकडे म्हाप्रळ, म्हणजे रत्नागिरी. आंबेत हे अब्दुल रहमान अंतुले यांचं गाव. ९ फेब्रुवारी १९२९ चा जन्म. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, १९६२ मध्ये श्रीवर्धनमधून आमदार झाले आणि ९ जून १९८० ला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. कोकणाला मिळालेला हा पहिला मुख्यमंत्री. राज्याला मिळालेला पहिला आणि आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

१९ महिन्यांत सरकार गेलं. ते घालवलं सिमेंटने. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या, हा आरोप.

[दृश्य: महामार्गावरची पाटी, 'रायगड जिल्हा'. पाठोपाठ सिंधुदुर्गनगरीतलं जिल्हाधिकारी कार्यालय.]

आधी ही पाटी बघा. १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. त्या दिवशी रायगड झालं. चार महिन्यांनी, १ मे १९८१ ला, रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा केला. त्याच दिवशी मराठवाड्यात जालना. सावंतवाडीच्या, वेंगुर्ल्याच्या माणसाला साध्या कागदासाठी रत्नागिरी गाठावी लागायची. घाटरस्ते, खाड्या, आणि पाऊस लागला की सगळंच खोळंबलेलं. ते बंद झालं.

[दृश्य: तहसील कार्यालय. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाया. एकीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.]

ही रांगही त्याच काळातली. संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८०. नाव कुणाचं दिलं ते सोडा. त्या काळी दिल्लीला खूश ठेवायचा तो रिवाजच होता आणि अंतुल्यांनी तो कुणाहूनही जास्त मनावर घेतला होता. पण विधवा, अपंग, ज्यांना कुणी नाही अशांना सरकारने दरमहा पैसे द्यायचे, हे तेव्हा सुरू झालं आणि पुढच्या कुठल्याही पक्षाच्या सरकारने बंद केलं नाही.

[इथे निवेदन नाही. शिपाई नाव पुकारतो, बाई उठते. हा आवाज तसाच ठेवायचा.]

[दृश्य: म्हसळा. चहाची टपरी, चारपाच वयस्कर माणसं, हातवारे.]

या टपरीवर अंतुल्यांचा विषय काढला की अजून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, साहेबांनी पैसे खिशात घातले नाहीत, ट्रस्टमध्ये ठेवले, आणि दिल्लीतून आणि साखरपट्ट्यातून त्यांचा काटा काढला गेला. दुसरा तट म्हणतो, ट्रस्ट कुणाचा होता ते आधी बोला. या भागात शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेस यांचं वैर दोन-तीन पिढ्यांचं आहे. तेव्हा माणूस कुठल्या तटात, हे बरेचदा त्याच्या वडिलांनी कुणाला मत दिलं त्यावरून ठरलेलं असतं.

दोन्ही तटांचं बोलणं आम्ही पूर्ण टिपलं. त्यात पैशांचा हिशेब खूप आहे. गोणीचा एकदाही नाही.

[दृश्य: एका घराची दर्शनी भिंत. जांभ्या दगडाचं बांधकाम. दारावर गिलाव्यात कोरलेलं 'सन १९८१'. कॅमेरा वर जातो: माडीची भिंत गिलाव्याशिवाय तशीच, चिऱ्यांच्या सांध्यांत शेवाळ.]

तर गोणीबद्दल.

सिमेंट तेव्हा बाजारात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. दर केंद्र सरकार ठरवायचं, राज्याला किती द्यायचं तेही केंद्रच ठरवायचं. तो राज्याचा कोटा. त्या कोट्यातून कुणाला किती, हे राज्य सरकारच्या हातात. घर बांधायचं असेल तर अर्ज करायचा, नकाशा जोडायचा, परमिटची वाट बघायची. परमिट मिळालं की दुकानात जायचं, आणि दुकानदार सांगायचा, माल आला नाही. माल यायचा पावसाच्या तोंडावर. तागाच्या गोणीतलं सिमेंट आणि कोकणातली हवा, यांचं कधी जमत नाही. गोणी आठ-पंधरा दिवस नुसती पडून राहिली तरी आत खडे धरतात. मग ते चाळून, निवडून वापरायचं. नाहीतर खालचा मजला पुरा करायचा आणि माडी पुढच्या परमिटवर सोडायची. ही माडी अजून सोडलेलीच आहे.

परमिटचा दर एक आणि काळ्या बाजाराचा दर दुसरा. या दोन दरांमधलं जे अंतर, तीच सगळ्या प्रकरणाची किंमत. मुंबईत इमारती उठवणाऱ्या बिल्डरला दहा-वीस गोण्यांनी काही होत नाही, त्याला टनांनी लागतं. सरकारच्या एका सहीने टनांनी सिमेंट मिळत असेल, तर त्या सहीसाठी तो काय द्यायला तयार होईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

[दृश्य: मंत्रालय, समोरून. फाटकावर गर्दी.]

१९८० मध्ये 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' स्थापन झालं. उद्देश साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा. कोकणासाठी आणि इतर कामांसाठी आणखीही ट्रस्ट होते. विश्वस्तांमध्ये स्वतः अंतुले. देणग्या बिल्डरांकडून आल्या, साखर कारखान्यांकडून आल्या. गंमत अशी की बरेचसे पैसे उघड, चेकने आले आणि पावत्या फाडल्या गेल्या. लपवाछपवी करणाऱ्याची ही पद्धत नव्हे, असं समर्थक आजही म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण पावतीवर तारीख असते. कोट्याच्या आदेशावरही तारीख असते.

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली. पानं उलटणारा हात. थांबा: ३१ ऑगस्ट १९८१.]

३१ ऑगस्ट १९८१, सोमवार. 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि या तारखा समोरासमोर आल्या. दुसऱ्या दिवसापासून राज्यात आणि संसदेत रणकंदन. विरोधकांना हवं ते हत्यार मिळालं होतं. जनता पक्ष होता, आणीबाणीचा राग ताजा होता, भाजप जेमतेम दीड वर्षाचा होता आणि त्याला मुंबईत पाय रोवायचे होते. काँग्रेसकडून उत्तर एकच: पक्षाला आणि इंदिराजींना बदनाम करायचा डाव. मग इंदिराजींनी ट्रस्टला नाव द्यायला संमती दिली होती की नव्हती, यावर दिल्लीत दिवसचे दिवस गेले. शेवटी त्यांनी नाव काढायला सांगितलं.

या गदारोळात एक मजा झाली. साखर कारखान्यांचे जे मातब्बर काँग्रेसमध्येच होते आणि ज्यांच्या कारखान्यांतून देणग्या गोळा झाल्या होत्या, ते गप्प बसले. त्यांना अंतुले जायला हवे होते, आणि ते विरोधकांच्या हातून गेलेले चालणार होते.

[दृश्य: ओव्हल मैदान, क्रिकेटचे चारपाच डाव एकाच वेळी. मागे उच्च न्यायालय. मग खांबावरच्या कोरीव कामाचं जवळचं छायाचित्र: माकड, एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू.]

मुंबई उच्च न्यायालयाची ही इमारत १८७८ ची. दगडात कोरलेलं हे माकड सगळ्या वकिलांना ठाऊक आहे. ठेकेदाराने रागाने कोरलं, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण कॅमेरामनला ते सोडवेना, म्हणून चित्रपटात आहे.

जनता पक्षाचे प. बा. सामंत इथे याचिका घेऊन आले. (गिरणी संपाचे डॉ. दत्ता सामंत ते वेगळे, त्यांचं नाव पुढे येईल.) याचिका न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे चालली. १२ जानेवारी १९८२, मंगळवार. निकाल असा, की देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा एकमेकांशी संबंध होता. देणगी दिली म्हणून सिमेंट मिळालं. पदावर असलेल्या मुख्यमंत्र्याविरुद्ध एका न्यायमूर्तीने असं लिहिलं, आणि त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. मधल्या नऊ दिवसांत मुंबईत काय झालं, तर १८ जानेवारीला गिरण्या बंद पडल्या. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर, आणि मंत्रालयात पुढचा मुख्यमंत्री कोण याची चर्चा.

[दृश्य: न्यायालयाबाहेरचा रस्ता. कागदांचे गठ्ठे घेऊन जाणारे कारकून. काळे कोट.]

इथून पुढचं ऐकायला रुक्ष आहे, तरी दोन मिनिटं द्या. सरकार कसं गेलं हे सगळे सांगतात. खटल्याचं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

भाजपचे रामदास नायक. लेख आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी राज्यपालांकडे खटला भरायची परवानगी मागितली आणि ११ सप्टेंबर १९८१ ला दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार गुदरली. दंडाधिकारी म्हणाले, परवानगी आणा, मग बोलू. मुख्यमंत्री हा लोकसेवक, त्याच्यावर खटला भरायला मंजुरी लागते. मंजुरी देणार राज्यपाल. राज्यपाल एरवी चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि मंत्रिमंडळाचे प्रमुख तेच, ज्यांच्यावर तक्रार आहे! ही गाठ सुटेपर्यंत अंतुले पदावरून गेलेले होते. राज्यपालांची मंजुरी आली २८ जुलै १९८२ ला.

मग अंतुल्यांच्या बाजूने नवा मुद्दा आला. मुख्यमंत्रिपद गेलं, पण आमदारकी आहे ना? आमदारही लोकसेवक, तेव्हा त्याचीही मंजुरी हवी. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ फेब्रुवारी १९८४ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही, मंजुरीची गरज नाही. शिवाय खटला लवकर संपावा म्हणून भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. तिथे आरोपांचा मसुदा ४३ कलमांचा होता. २१ वर आरोप ठेवले, २२ वगळले. नायक पुन्हा दिल्लीला. १७ एप्रिल १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणं रद्द केलं.

आणि मग २९ एप्रिल १९८८. या वेळी सात न्यायमूर्ती. त्यांनी सांगितलं, १९८४ मध्ये आम्हीच खटला उच्च न्यायालयाकडे दिला ती आमची चूक. कायद्याने असा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवा, आणि न्यायालयाच्या चुकीचा तोटा पक्षकाराला होता कामा नये. चार वर्षांची सुनावणी पाण्यात. परत पहिल्या पायरीवर. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. १९९१ मध्ये आणखी एक घटनापीठ बसलं आणि जलद खटल्याचा हक्क म्हणजे काय, हे त्याने याच प्रकरणात सविस्तर मांडलं. तक्रार होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

राज्यपालांची मंजुरी, आमदार लोकसेवक की नाही, कुठलं न्यायालय, किती न्यायमूर्ती: एवढं सगळं निघालं. सिमेंट कुणाला द्यायचं हे एका माणसाच्या सहीवर का ठेवलं, हा प्रश्न मात्र कुठल्याच खंडपीठापुढे नव्हता. विरोधकांनाही तो नको होता. त्यांना मुख्यमंत्री हवा होता, आणि पुढे त्यांचेही मुख्यमंत्री झाले, तेव्हा कोटा नव्हता पण भूखंड होते, चटई क्षेत्र (भूखंडावर किती बांधायचं त्याची मर्यादा) होतं, आणि सही होतीच.

[दृश्य: सिमेंटचं आजचं दुकान. हमाल ट्रकमधून गोण्या उतरवतोय, डोक्यावर ओलं फडकं, पापण्यांवर पांढरी पूड.]

२८ फेब्रुवारी १९८२ ला, म्हणजे निकालानंतर सात आठवड्यांच्या आत, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं. मार्च १९८९ मध्ये पुरतं उठलं. परमिट गेलं, रांग गेली. मुख्यमंत्री पडला त्याच्याशी याचा संबंध जोडू नका. देशात सिमेंटची टंचाई होती आणि कारखाने वाढवायचे तर दर मोकळे करणं भाग होतं. पण अंतुल्यांच्या कारकिर्दीआधी दोन वर्षं हे झालं असतं, तर आपण आज कदाचित दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतो.

[दृश्य: श्रीवर्धनचा समुद्रकिनारा, मासळीच्या होड्या. जुनी निवडणुकीची भिंत, रंग उडालेला.]

बाकीचं थोडक्यात. फौजदारी खटल्यात अंतुल्यांवर गुन्हा शाबीत झाला नाही. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये याच भागाने त्यांना लोकसभेवर पाठवलं. दोनदा ते केंद्रात मंत्री झाले. तक्रारदार रामदास नायक यांचा ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून खून झाला. त्याचा या खटल्याशी संबंध नव्हता. तो गुन्हेगारी टोळीचा मामला होता. अंतुले २ डिसेंबर २०१४ ला मुंबईत वारले. आंबेतला दफन झालं.

[दृश्य: काळा पडदा. अक्षरं.]

पुढचा भाग: १९८६, जे. जे. रुग्णालय आणि भेसळीचं ग्लिसरॉल. चौकशी आयोगावर न्यायमूर्ती तेच, लेंटिन.