भावकीला विचारून सांगतो

नमस्कार श्रोतेहो. लासलगावला कांद्याचा भाव पडला की आपण म्हणतो, आवक वाढली. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कधीकधी दिल्लीहून निर्यातबंदीची एक अधिसूचना येते आणि लिलावच बंद पडतात. अशा वेळी तारीख बघा. जवळपास कुठं निवडणूक आहे का, ते बघा.

आता हे ऐका. २९ सप्टेंबर २०१९. महाराष्ट्राचं मतदान २१ ऑक्टोबरला. शहरात कांदा महागलेला, म्हणून सरकारनं निर्यात बंद केली. आणि पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत. दोन्हीकडचे उद्योजक समोर बसलेले, भाषण इंग्रजीत चाललेलं. मध्येच बाई हिंदीवर आल्या. म्हणाल्या, तुम्ही कांदा का बंद केलात कळत नाही, मी तर आमच्या आचाऱ्याला सांगून टाकलंय, स्वयंपाकात कांदा घालू नकोस. सभा हसली. बाईही हसल्या, आणि हसत हसतच म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी कळवत जा. तक्रार पोचली, कुणी दुखावलं नाही. पण नोव्हेंबरात ढाक्याला कांदा विमानानं आणावा लागला. विमानानं! आपला ट्रॅक्टर पिंपळगावला रांगेत, आणि त्यांचा कांदा आकाशात.

(मिसळीवर कांद्याऐवजी कोबी टाकणाऱ्या हॉटेलवाल्यांना मात्र माफी नाही. भाव काहीही असो.)

तर मुद्दा. लग्नाच्या बैठकीत मुलाचा बाप म्हणतो ना, 'भावकीला विचारून सांगतो', तसं देशांचंही असतं. रॉबर्ट पटनम या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ साली याला दोन पातळ्यांवरचा खेळ म्हटलं. एक बोलणी परक्याशी, दुसरी घरच्यांशी. पुन्हा सांगतो, एक परक्याशी, दुसरी घरच्यांशी. आणि निवडणूक तोंडावर आली की घरच्यांचा आवाज चढतो.

आता घरचे म्हणजे कोण? दिल्ली-मुंबईचं गिऱ्हाईक की चांदवडचा शेतकरी? ८ डिसेंबर २०२३ला पुन्हा बंदी आली, चांदवडला महामार्ग अडला. बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान होतं २० मेला.

निफाडचे आमचे एक काका साठवणीच्या चाळीत कांदा भरताना फोन करतात. हवामान विचारत नाहीत. विचारतात, "काय रे, यंदा कुठं इलेक्शन लागलंय?"

नमस्कार.