भिंतीवरचा स्पीकर का पडला?

टेबलावर हा जो काळा स्पीकर ठेवलाय, तो मे महिन्यात आपल्या सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका घरात भिंतीवरून खाली पडला. भर दुपारची वेळ होती आणि खोलीत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. एरवी त्या जागी घरातली दोन वर्षांची नात खेळत बसलेली असते. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असा त्यांचा होम थिएटरचा संच. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं की एकटा स्पीकर मिळत नाही, सगळा सेटच बदला. मग गुरुजी तो पिशवीत घालून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, यात जीव आहे का, तेवढं बघा."

मी म्हटलं, "गुरुजी, स्पीकर बघतोच. पण मला तुमची भिंतसुद्धा बघायचीय."

आज मला बोलायचंय ते यावरच. पस्तीस वर्षं मी स्पीकर उघडतोय. भिंतीवरचे जे स्पीकर माझ्याकडे येतात, त्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं भिंतीपासून सुरू झालेलं असतं. स्पीकर दुरुस्त करून पुन्हा त्याच खिळ्यावर टांगला, तर तो परत येतो. म्हणून दोन्हींची नाडी एकदमच बघायची.

आधी स्पीकरची बघू. हा पुढचा भाग, ज्याला आपण पेपर म्हणतो, तो शंकूच्या आकाराचा असतो. त्याच्या मागं तांब्याच्या तारेची कॉइल. ही कॉइल लोहचुंबकाच्या अगदी अरुंद फटीत तरंगत असते. पुढून तिला रबराची किंवा फोमची कड धरून ठेवते, मागून तो तपकिरी कापडी स्पायडर. वीज आली की कॉइल पुढं-मागं हलते, पेपर हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ही रचना मांडली, आणि शंभर वर्षांनंतरही तुमच्या घरातला स्पीकर मुळात तोच आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. ज्या वस्तूचं आतलं काम डोळ्यांनी दिसतं, बोटांनी कळतं, ती वस्तू दुरुस्त होऊ शकते.

आता निदान. स्पीकर बोलत नाही म्हणजे तो मेला, असं धरून चालू नका. पहिल्यांदा रिसीव्हरमधला, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीतला, टेस्ट टोन लावा. तो एकेका स्पीकरमधून खळखळ असा आवाज सोडत जातो. टीव्हीवरून साधा दोन वाहिन्यांचा आवाज येत असेल तर मागचे स्पीकर गप्पच राहणार, त्यांचा काही दोष नसतो. टेस्ट टोनलाही स्पीकर गप्प राहिला, तर रिसीव्हर बंद करा, प्लगही काढा आणि डाव्याचा स्पीकर उजव्याच्या तारेला जोडा. गप्पपणा स्पीकरबरोबर तिकडं गेला तर बिघाड स्पीकरमध्ये. जागेवरच राहिला तर वायरमध्ये नाहीतर रिसीव्हरमध्ये. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे न करता लोकांनी नवे स्पीकर आणलेले मी पाहिलेत, आणि वायर उंदरानं कुरतडलेली निघाली.

दुसरी परीक्षा दीड व्होल्टच्या सेलची. घड्याळातला सेल काढा, दोन तारा घ्या आणि स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावा. खट् असा आवाज येतो. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या लाल टोकाला लागली असेल तर पेपर बाहेर येतो, उलटी लागली तर आत जातो. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र लावू नका.

तिसरी परीक्षा मल्टिमीटरची. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण मीटर साडेपाच ते सात दाखवतो. ते बरोबरच आहे, कारण छापलेला आकडा बदलत्या विजेचा असतो आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, किंवा पेपरवरून जाणारी ती वेणीसारखी बारीक तार तुटली. ही तार सोल्डर करता येते, त्यामुळे आधी ती बघा. आणि एक खुबी ध्यानात ठेवा. ज्या स्पीकरमध्ये बारीक, तीक्ष्ण आवाज काढणारा छोटा ट्विटर वेगळा असतो, त्यात ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर बसवलेला असतो. तो सेलची वीज अडवतो. म्हणून बाहेरून मोजलं तर तुम्हाला फक्त मोठ्या स्पीकरची खबर मिळते. ट्विटर बघायचा तर त्याची एक तार सोडवून थेट त्याच्याच टोकांवर मोजायचं.

गुरुजींच्या स्पीकरचा मीटर पाच ओहमच्या वर दाखवत होता, म्हणजे ६ ओहमचा स्पीकर, कॉइल शाबूत. सेल लावला तर खट् झालं, पण बरोबर खरखर. मग मी दोन्ही अंगठे पेपरवर समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबलं. चांगल्या स्पीकरचा पेपर लोण्यात बोट जावं तसा जातो. इथं कागदावर नख ओढल्यासारखं लागलं. पडताना चुंबक चिकटवल्या जागेवरून किंचित सरकला होता आणि कॉइल फटीच्या भिंतीला घासत होती. मोठ्या स्पीकरला असं झालं तर खटपट करता येते. साडेतीन इंची स्पीकरच्या बाबतीत मी स्पष्ट सांगतो, खोका ठेवा आणि आतला स्पीकर बदला. पेपर फाटला असता तर गोष्ट वेगळी. पातळ टिश्यू कागद आणि पांढरा डिंक यांनी फाटलेला पेपर छान जुळतो. झटक्यात चिकटणारा डिंक मात्र वापरू नका, तो कडक होतो आणि शेजारून नवी भेग पाडतो.

आता आपल्या गावाची गोष्ट. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापलेली असते, आणि टीव्हीची भिंत नेमकी तीच असेल तर स्पीकरच्या फोमची कड लवकर जाते. फोम आधी चिकट होतो, मग बोट लावलं की भुकटी. दहा-पंधरा वर्षांत फोमचं असं होतंच, ऊन आणि दमट हवा ते लवकर घडवून आणतात. कड बदलून मिळते, तेवढ्यासाठी स्पीकर टाकू नका. रबराची कड पुष्कळ जास्त टिकते.

मागच्या बाजूला आवाजासाठी भोक असलेले स्पीकर असतात. तिथं कुंभारीण माशी मातीचं घर करते. खर्जाचा आवाज गेला म्हणून आलेल्या एका स्पीकरमधून मी मुठीएवढी माती काढलीय. त्या भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून लावा. आणि पुढचं कापड फाटलं असेल तर कापडाच्या चाटी गल्लीत जाऊन विरळ विणीचं कापड घ्या, तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल.

आणखी एक दुखणं मला साखर पेठ, अशोक चौक या बाजूच्या घरांत दिसतं. शेजारी यंत्रमाग चालू असतात. ती खडखड झाकायला माणूस आवाज वाढवत जातो, रिसीव्हर छोटा असतो. त्याची ताकद संपली की तो लाटेचे शेंडे छाटायला लागतो. छाटलेल्या लाटेत वरच्या पट्टीची वीज फाजील तयार होते, आणि ती सगळी बिचाऱ्या ट्विटरच्या वाट्याला जाते. केसासारखी बारीक त्याची कॉइल, ती जळते. लोक मला विचारतात, कमी वॅटच्या अँप्लिफायरनं स्पीकर जळेलच कसा? असा जळतो. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेतला शंभरातला एखादा भागच आवाज होतो, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. आवाज फाटायला लागला की बटण मागं फिरवा. तो फाटका आवाज म्हणजे स्पीकरनं मारलेली हाक आहे.

बदली स्पीकर घेताना पहिल्यांदा ओहम जुळवा. ६ ओहमच्या जागी ३ ओहमचा लावला तर रिसीव्हरकडून दुप्पट करंट ओढला जातो आणि रिसीव्हर तापतो. उलट ३ च्या जागी ८ लावला तर धोका नाही, आवाज बारीक येईल. दुसरी गोष्ट संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत स्पीकर किती मोठा वाजतो, ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ३ डेसिबलनं कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वीज लागते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढचे तीन स्पीकर, डावा, मधला आणि उजवा, एकाच जातकुळीचे हवेत. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडं गेली तर वाटेत तिचा आवाज बदलता कामा नये. गुरुजींचा पडलेला स्पीकर पुढचा डावा होता. तेव्हा आम्ही मागचा एक चांगला स्पीकर पुढं आणला, आणि या खोक्यात ६ ओहमचाच नवा स्पीकर बसवून तो मागं पाठवला. मागून पाऊस, टाळ्या, गर्दी एवढंच येतं, तिथं थोडा फरक कानाला टोचत नाही. सगळा सेट बदलायची गरज पडली नाही.

आता भिंत. गुरुजींचं घर नवं, भिंत हलक्या राखाडी ब्लॉकची. बसवणाऱ्यानं त्यात साधा रावल प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी नळी, ड्रिल मशीनचा ठोके देणारा हातोडा चालू ठेवून पाडलेल्या भोकात ठोकला होता. भाजक्या विटेत तो प्लग वर्षानुवर्षं धरतो. पण हा ब्लॉक बिस्किटासारखा ठिसूळ असतो. त्यात हातोडा बंद करून नुसतं फिरवत भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणारे लांब नायलॉनचे प्लग वापरायचे. जुन्या पेठांतल्या दगड-मातीच्या वाड्यात वेगळी पंचाईत. प्लग दगडात बसला तर ठीक, दोन दगडांमधल्या मातीत बसला तर आठवड्यात हातात येतो. तिथं जुने गवंडी करायचे तेच करा, खड्डा घेऊन सिमेंटमध्ये लाकडी गुटका पक्का करा आणि त्यात स्क्रू मारा.

लोक म्हणतात, स्पीकर जेमतेम तीन किलोचा, त्याला एवढं काय? हिशोब बघा. स्पीकर धरणारा, भिंतीपासून पुढं आलेला ब्रॅकेट २० सेंटिमीटर, त्याच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर ६ सेंटिमीटर. तीन गुणिले वीस भागिले सहा. म्हणजे वरचा स्क्रू १० किलोच्या ओढीनं भिंतीबाहेर खेचला जातोय, रात्रंदिवस. त्यात खर्जाचा हादरा. म्हणून ब्रॅकेट आखूड घ्या, स्क्रू एकमेकांपासून लांब घ्या, स्पीकर आणि भिंत यांच्यामध्ये रबराची चकती ठेवा.

वायरीचं थोडक्यात सांगतो. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन वीस मीटर तारेचा रोध पाव ओहमच्याही आतच राहतो. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ती घालू नका. आणि लाल ते लाल, काळं ते काळं. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज नाहीसा होतो. स्पीकरची जागा बदलली तर रिसीव्हरमध्ये अंतर पुन्हा भरा. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, रिसीव्हर त्याच हिशोबानं सगळ्यांना एका वेळी तुमच्या कानापाशी आणतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं की भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नाहीत, मग काय करायचं? रंगाच्या रिकाम्या बादलीत लोखंडी पाइप उभा धरा, भोवती काँक्रीट ओता, वर पट्टी वेल्ड करून घ्या. बसल्यावर कानाच्या उंचीला किंवा थोडा वर स्पीकर येईल एवढाच पाइप ठेवा. घर बदललं तरी तो तुमच्याबरोबर येईल.

गुरुजींच्या घरी नवे प्लग बसवले त्या दिवशी मी स्पीकर टांगला नाही. ब्रॅकेटच्या टोकाला दहा किलो ज्वारीची पिशवी अडकवली, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि घरी आलो. सकाळी गेलो तर गुरुजी माझ्याआधीच खुर्ची ठेवून रेघ बघत उभे होते. ब्रॅकेट केसभरही हलला नव्हता. मग पिशवी उतरवली, स्पीकर चढवला आणि खोक्याच्या मागून एक बारीक स्टीलची तार वेगळ्या हुकाला बांधली. खाली नात पुन्हा खेळायला बसली होती.