कुंभारकन्येची मैत्रीण

दृश्य: जानेवारीतली दुपार. सात नंदीध्वजांची मिरवणूक. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं संमती कट्ट्याकडे सरकताहेत.

निवेदन:
सोलापुरात दर संक्रांतीच्या सुमाराला एक लग्न लागतं. नवरी कुंभाराची मुलगी. नवरदेवाच्या जागी एक योगदंड. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांच्या अंगणात ही मुलगी रोज सडा-रांगोळी करायची आणि तिचं मन त्यांच्यावर जडलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. योग्याला संसार कसला? त्यांनी आपला योगदंड पुढे केला. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम'चा घोष होतो, हजारो हातांतून अक्षता पडतात, लग्न लागतं. दुसऱ्या दिवशी होम. कुंभारकन्येची प्रतिकृती नवरीसारखी सजवतात आणि अग्नीला देतात.

दृश्य: होम मैदान. गड्ड्यातले, म्हणजे या यात्रेच्या जत्रेतले पाळणे, खेळण्यांची दुकानं, धूळ.

त्या जागेचं नावच होम मैदान. आणि गड्डा भरतो तोही इथेच. पाळण्यात बसायचा हट्ट आणि एका तरुण मुलीच्या अग्निप्रवेशाची गोष्ट, सोलापूरच्या पोरांना दोन्ही एकाच मैदानावर भेटतात. कधीतरी एखादं पोर आईचा हात ओढून विचारतंच, 'तिला का जाळतात गं?' आई म्हणते, 'देवाचं असतं ते. असं विचारू नये.'

पोर मोठं होतं. चौदा, पंधरा, सोळा. प्रश्न तसाच राहतो, त्याला आणखी फाटे फुटतात. तिला भीती वाटली असेल का? आदल्या रात्री ती कुणाशी बोलली? तिला एखादी मैत्रीण होती का, आणि असली तर त्या मैत्रिणीनं तिला अडवलं का नाही?

कथेत या मैत्रिणीला जागा नाही. आणि आम्हाला शोध तिचाच आहे, कुमारवयीनांसाठीच्या मराठी गोष्टींत.

दृश्य: चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक. सकाळची वाहतूक.

याच जानेवारीतली, 1931 सालची बारा तारीख. येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन तर विशीतले. आज या चौकातून कॉलेजला जाणाऱ्या पोरांपेक्षा फार मोठे नव्हेत.

सोलापूरचेच कवी कुंजविहारी. त्यांच्या 'भेटेन नऊ महिन्यांनी' या कवितेत फाशी जाणारा तरुण आईशी बोलतो. तो तिची समजूत घालतो, पुन्हा तुझ्याच पोटी येईन म्हणतो. कितीतरी घरांत ही कविता आजीच्या तोंडून ऐकलेली असते आणि म्हणताना आजीचा आवाज हमखास कापतो. मरणाच्या दारातला तरुण इथे स्वतःच्या तोंडानं बोलतो, म्हणून ती मोलाची. पण त्याच्या मरणाला कारण मोठं आहे. देश आहे. सोळाव्या वर्षी साध्या आजारानं गाठलेल्या पोरीनं आईला काय सांगायचं? तिच्याकडे कसलीही घोषणा नसते.

दृश्य: भैय्या चौक. डॉ. कोटणीस स्मारक.

इथले द्वारकानाथ कोटणीस. जन्म 1910. डॉक्टर होऊन 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे क्वो छिंगलान या परिचारिकेवर त्यांचं प्रेम जडलं, 1941 मध्ये लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्या बाळाच्या नावात भारत आणि चीन दोन्ही गुंफलेले होते. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं, तेव्हा 9 डिसेंबर 1942 ला बाप गेला. वय 32.

हे सगळं आपण पुतळ्यांच्या आणि जयंत्यांच्या भाषेत सांगतो. त्या भाषेत आदर भरपूर असतो, पण रात्री दोन वाजता जाग आल्यावर वाटणारी भीती तिच्यात मावत नाही. ती मावते कथा-कादंबरीत.

दृश्य: वाचनालय. पुस्तकं चाळणारी मुलं-मुली.

कुमारवयीनांसाठी मराठीत लिहिलं गेलंय, चांगलं लिहिलं गेलंय. साहस आहे, शाळा आहे, पहिलं प्रेमही आहे. पण पहिलं प्रेम आणि जवळ आलेलं मरण एकाच पोराच्या वाट्याला आलेलं, आणि तेही त्याच्याच तोंडून सांगितलेलं, असं फारसं हाती लागत नाही. मग पोरं इंग्रजीतून वाचतात, भाषांतरं वाचतात, मोबाइलवर सिनेमे बघून उशीत तोंड खुपसून रडतात. आम्हाला त्यांच्या त्या रडण्याबद्दल आदर आहे. त्यांना रडवणारी गोष्ट त्यांच्या गल्लीतली असावी, एवढंच आमचं मागणं आहे.

अशा गोष्टीत एक खोड मात्र हटकून शिरते. आजारी मुलगी पहिल्या पानापासून शहाणी होते. ती चिडत नाही, कुणावर जळत नाही, सगळ्यांना जगायला शिकवते आणि शेवटी एक सुंदर पत्र ठेवून जाते. तिचं मरण मग दुसऱ्या कुणाच्या तरी सुधारण्यासाठी वापरलं जातं. हा त्या मुलीवर अन्याय आहे. मरण समोर असलेल्या पोरीलाही भांडायचा, खोटं बोलायचा, कंटाळायचा, चुकीच्या मुलावर प्रेम करायचा हक्क हवा.

दृश्य: बार्शीकडे जाणारा रस्ता. ज्वारीची शेतं.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचं रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी तिथेच 1987 साली सुरू झाली. गावोगावच्या रुग्णांची नोंद तेव्हापासून होत आली. नोंदीत वय असतं, गाव असतं, आजार असतो. त्या वयाच्या माणसाचं त्या महिन्यात कुणाशी भांडण चालू होतं, हे लिहायचं काम लेखकाचं.

तर एक गोष्ट कल्पूया.

दृश्य: अशोक चौकाच्या बाजूची गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.

पूर्व भागातली मुलगी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. तिची जिवाभावाची मैत्रीण कन्नड बोलणाऱ्या घरातली. दोघी एकमेकींना 'काय बे' म्हणतात, कारण सोलापुरात मैत्रीची भाषा तीच. दहावीनंतर हिला रक्ताचा कर्करोग निघतो. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा ल्युकेमियाचा प्रकार, ज्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. दोन-तीन वर्षं! त्या वयात तेवढ्यात मैत्रिणी बदलतात, आवाज बदलतात, गावं बदलतात.

औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून डॉक्टर गर्दीत जायला मनाई करतात. आणि येतो जानेवारी. गड्डा. कधी नव्हे ते घरी बसायचं. मैत्रीण म्हणते, 'तू नाही तर मी पण नाही.' ऐकायला किती छान! पण हिचं डोकं फिरतं. 'माझ्यासाठी उपास धरू नको बे. जा. त्याला पण घेऊन जा.' तो म्हणजे ज्याच्याबरोबर कंबर तलावाच्या काठी हिनं एकदा तासभर गप्पा मारल्या होत्या तो. मैत्रीण खरंच जाते. त्यालाही घेऊन जाते. दोघं पाळण्यात बसल्याचा फोटो येतो आणि ही दिवसभर फोन उलटा करून ठेवते.

या फोनपाशी गोष्ट सुरू होते. इथे प्रेम, मत्सर, मैत्री आणि मरणाची भीती एकमेकांत इतकी गुंतलीयत, की कुठल्या दोऱ्यानं काय ओढलं जातंय हे त्या तिघांनाही कळत नाही.

आणि शेवट? ती मेलीच पाहिजे असं लेखकानं आधी ठरवू नये. पूर्ण उपचार मिळाले तर या आजारातून पुष्कळ मुलं बरी होतात. मरण समोर बघून परत आलेल्या पोरीची गोष्ट त्याहून अवघड. ती एकोणीस वर्षांची आहे. केस परत आलेत, वर्गातली पोरं दोन वर्षांनी लहान आहेत. मैत्रीण पुण्याला इंजिनिअरिंगला. फोन लागतो तेव्हा दोघींना काय बोलावं ते सुचत नाही. एक जण मागे राहिली आणि एक जण पुढे गेली. आणि दोघींनाही वाटतंय, मागे राहिलेली मीच.

दृश्य: संध्याकाळ. पार्क चौकातल्या बाकावर वही उघडून बसलेली दोन मुलं.

सोलापुरात चार भाषा आहेत, एकाच गल्लीत. कुंभारकन्येला मैत्रीण कुठल्या भाषेतली द्यायची, ती अडवणारी द्यायची की अक्षता टाकणारी, हे लिहिणाऱ्यानं ठरवावं. सोळा-सतरा वर्षांच्या कुणी लिहायला घेतलं, तर मोठ्यांनी एवढंच करावं. 'असलं कशाला लिहितेस?' म्हणून वही मिटू नये. आधी वाचायला मागावी.