मांडीवरचा घाम आणि अफरवटचा वारा

(दृश्य: जानेवारीतील पहाट. अजिंक्यताऱ्याचा चढ, खाली साताऱ्याचे दिवे.)

साताऱ्यात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि जिल्ह्याचा बर्फाशी असलेला संबंध तेवढ्यावरच संपतो. तरीही आम्ही चौघे जण हिवाळाभर या किल्ल्याच्या चढावर जी तयारी करतो, ती काश्मीरमधील बर्फासाठी असते. या चित्रफितीत त्या तयारीचा कमरेखालचा भाग आहे: स्की लावून बर्फात डोंगर चढताना आणि उतरताना पायांवर काय घालावे, किती घालावे आणि कधी काढावे.

(दृश्य: गुलमर्ग. बर्फातून वर जाणाऱ्या दोन समांतर रेषा.)

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, प्रवाशांना अफरवट पर्वताच्या अंगावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो, आणि बहुतेक जण तेथून स्की करत खाली येतात. बॅककंट्री स्कीइंग करणारा मात्र आखलेले उतार आणि पाळणा दोन्ही सोडून स्वतःच्या पायांनी वर चढतो. त्यासाठी स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सील प्राण्याच्या कातड्याची असे, म्हणून हे नाव. आता ती मोहेर (अंगोरा शेळीचे केस) किंवा नायलॉनच्या लवेची असते. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरकतो आणि उलटा फिरवला तर केस अडवतात, तशीच ही लव स्कीला पुढे सरकू देते आणि मागे घसरू देत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते; माथ्यावर पोहोचल्यावर पट्ट्या सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचे. चढायला तीन तास लागले, तर उतरणे काही मिनिटांत संपते.

पायांची सगळी अडचण या विषम वाटणीतून निर्माण होते. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे आहेत, आणि स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष कामाला येतो. उरलेली उष्णता होते. म्हणजे चढणारा माणूस दोन शेगड्या घेऊनच चालत असतो. उतरताना त्या शेगड्या मंदावतात आणि समोरून वारा सुरू होतो. शिवाय दर हजार मीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, त्यामुळे घाम खाली फुटतो आणि थंडी वर गाठते.

पहिल्या वर्षी हे आम्हांला ठाऊक नव्हते. थंडीच्या धास्तीने मी दोन थर्मल एकावर एक चढवले आणि त्यांवर अस्तराची जाड स्की पँट घातली. तासाभरात गुडघ्यांच्या मागून घामाच्या धारा लागल्या. डोंगराच्या धारेवर पोहोचून चहासाठी थांबलो, तेव्हा दहा मिनिटांत मांड्यांची पुढची बाजू अशी गार पडली की हाताने चोळूनही कळ जाईना. कपडे कमी पडल्यामुळे हे झाले नव्हते; ते जास्त झाले होते.

हा अनुभव खरे तर कोणाही सातारकराला जुलै महिन्यात येतो. यवतेश्वरचा घाट रेनकोट घालून चढून पाहावा. पाऊस बाहेर राहतो, पण कासच्या रस्त्याला लागेपर्यंत माणूस आतून चिंब झालेला असतो. जुलैत त्याने केवळ वैताग येतो. उणे दहा अंशांत तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि एक लिटर घाम अंगावर वाळताना शरीरातील जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. चढताना ही खर्चाची वाट हवीहवीशी असते. थांबल्यावर ती बंद करता येत नाही.

(दृश्य: गच्चीवरील तार. तीवर सुती पायजमा आणि लोकरीची लेगिंग शेजारी शेजारी.)

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही एक घरगुती प्रयोग केला. एके दिवशी सुती पायजमा आणि दुसऱ्या दिवशी मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची लेगिंग घालून अजिंक्यताऱ्याचा चढ त्याच वेगाने चढलो. घरी येऊन कपडा तारेवर टाकायचा आणि अर्ध्या तासाने हात लावून पाहायचा. पायजमा गुडघ्याशी ओलाच होता आणि त्याचा काठ बोटांना थंडगार लागत होता. लेगिंग किंचित दमट होती, पण गार लागत नव्हती. सुताचा धागा पाणी धरून बसतो आणि ओला झाला की त्वचेला चिकटतो. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा धाग्याच्या पोटात घेते, तरी अंगाला ओली भासत नाही. उलट तो शोषताना ती थोडी उष्णताच सोडते. माण-खटावच्या मेंढपाळाला घोंगडीचा हा गुण कोणी शिकवावा लागत नाही. पण घोंगडीची लोकर भरड असते, आणि साधारण तीस मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धागा त्वचेला टोचतो. मेरिनोचा चांगला धागा सतरा ते वीस मायक्रॉनचा असल्यामुळे तो अंगालगत चालतो. पॉलिएस्टरची लेगिंग त्याहून लवकर वाळते आणि स्वस्तही पडते, मात्र दुसऱ्या दिवशी तिचा वास सोबत्यांना सहन करावा लागतो.

आता लांबीविषयी, कारण आमची सर्वांत हास्यास्पद चूक तिथेच झाली. स्कीचा बूट म्हणजे नडगीपर्यंत येणारे कडक प्लास्टिकचे कवच. त्यात लेगिंगची घडी गेली, की प्रत्येक पावलाला ती नडगीवर रुतते. माझ्या नडगीवर त्या घडीचा निळा वळ आठवडाभर होता. म्हणून पोटरीच्या वरच संपणारी, तीनचतुर्थांश लांबीची लेगिंग वापरतात. बुटाच्या आत फक्त गुडघ्यापर्यंतचा एक पातळ मोजा. दोन जाड मोजे घातल्यास बूट आवळतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे अधिकच गारठतात. तशी लेगिंग येथे मिळेना, तेव्हा मोती चौकाजवळच्या एका शिंपीकाकांकडे आमची पूर्ण लांबीची थर्मल घेऊन गेलो. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिले आणि विचारले, “अवो, नवी कोरी इजार, आन् कापायची कशापायी?” कारण सांगितल्यावर त्यांनीच सुचवले की काठाला दुमड घालू नये, कारण तीही रुतेल, सपाट शिलाई मारून देतो.

बाहेरच्या थराबाबत आमचे मत आता पक्के आहे: तो बिनअस्तराचा असावा, आणि त्याला मांडीच्या बाहेरील बाजूने लांब चेन असावी. चढ सुरू झाला की ती चेन उघडायची. मांडीला वारा लागू देणे सुरुवातीला वेडेपणाचे वाटते, पण निघताना पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली, तरच कपडे बेताचे आहेत असे समजावे. हवा कोरडी असेल तर वाफ सहज बाहेर सोडणारे लवचिक कापड चढाला सर्वांत सोयीचे. हिमवृष्टी होत असेल किंवा ओल्या बर्फात बसावे लागणार असेल, तर जलरोधक पडदा असलेली पँट हवी.

(दृश्य: धारेवरील थांबा. एक जण पिशवीतून फुगीर अर्धी चड्डी काढतो.)

ही आखूड चड्डी आमच्या सामानात सर्वांत उशिरा आली. तिच्यात कृत्रिम तंतूंचे फुगीर भरण आहे आणि दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत चेन आहे, त्यामुळे बूट न काढता ती पँटवरून लपेटता येते. थांबल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न पाहता, ती घालायची. मांड्या आणि बैठक झाकली, की गुडघ्याखाली काही नसले तरी चालते. तिथे बूट आहेच. पक्ष्यांच्या पिसांचे भरण याहून हलके असते, पण घामाने ओले झाले की त्याचा फुगवटा बसतो, म्हणून आम्ही ते टाळले.

उतरण्यापूर्वीचा क्रम आता हातात बसला आहे. स्किन सोलायच्या, मांडीच्या चेनी बंद करायच्या, बुटाचे बक्कल आवळायचे, टाच अडकवायची. चड्डी शेवटी काढायची, आणि वारा फारच असेल तर ती तशीच ठेवून उतरायचे. एकदा हा क्रम चुकला आणि एका सोबत्याने उघड्या चेनीनिशी उडी टाकली. पहिल्याच वळणावर तो पडला आणि खाली पोहोचला तेव्हा त्याच्या पँटमध्ये ओंजळभर बर्फ होता.

(दृश्य: रात्र. खोलीतील बुखारी (खोली गरम करणारी काश्मिरी शेगडी), दोरीवर लेगिंग, जमिनीवर बुटांचे आतले अस्तर.)

खोलीवर आल्यावर सर्वांत आधी बुटांचे आतले अस्तर उपसून काढावे, कारण दिवसभराचा घाम तिथे साचतो आणि सकाळी तोच पावलांना गोठवतो. ते बुखारीपासून हातभर लांब ठेवावे. फार जवळ ठेवले तर अस्तराचा आकार बिघडतो. लेगिंग दोरीवर वाळते. मोजे मात्र आम्ही अंथरुणात पोटाशी घेऊन झोपतो.