हरलेल्यांसाठी राखलेल्या आठ खुर्च्या : मॉरिशसची संसद

[दृश्य : पोर्ट लुईस, सकाळ. बंदराकडून शहराकडे सरकणारा कॅमेरा.]

पोर्ट लुईसच्या बंदराकडे पाठ करून उभं राहिलं, की उंच पामच्या रांगांमधून रस्ता सरळ एका जुन्या इमारतीपाशी जातो. तिचं नाव गव्हर्नमेंट हाऊस. इमारत फ्रेंचांच्या काळातली, दारातला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा इंग्रजांच्या काळातला. आणि इथल्या सभागृहात बसतात ती माणसं कुणाची? कुणाचे पणजोबा बिहारमधून आले, कुणाचे कोकणातून, कुणाचे तमिळ मुलखातून. कुणाचे पूर्वज मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेले, कुणाचे दक्षिण चीनमधून दुकान थाटायला आलेले, कुणाचे फ्रान्समधून आलेले मळेवाले.

जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्याशा जागेत इतक्या तऱ्हेच्या माणसांनी एका छताखाली बसून कायदे करायचे, तर त्यांना निवडायचं कसं?

[दृश्य : शाळेतलं मतदान केंद्र. टेबलावर उलगडलेली मतपत्रिका.]

मॉरिशसच्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे नॅशनल असेंब्लीत, 62 सदस्य लोकांनी थेट निवडलेले असतात. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तिघे निवडले जातात. हे झाले 60. उरलेले दोघे रॉड्रिग्ज या दूरच्या बेटावरचे. मतदारसंघांना लांबलचक नावं आहेत, पण बोलताना लोक सरळ आकडाच सांगतात. पाम्प्लमूस-त्रिओले म्हणजे ‘नंबर पाच’, कार्तिये मिलितेर-मोका म्हणजे ‘नंबर आठ’.

मतदाराच्या हातात येते ती कागदाची लांब मतपत्रिका. मतदानयंत्र इथे नाही. नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावलेली, म्हणजे एका पक्षाचे तीन उमेदवार तीन ठिकाणी विखुरलेले. मतदार पक्षांच्या खुणा शोधत बोट खाली नेतो. किल्ली मजूर पक्षाची, हृदय एमएमएमचं, सूर्य एमएसएमचा, कोंबडा पीएमएसडीचा. त्याला तीन फुल्या मारायच्या असतात. तीनच. दोन मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. एक माणूस मनापासून आवडला आणि बाकीचे कुणीच पसंत नाहीत, तरी आणखी दोघांपुढे फुली मारावीच लागते. तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या तर ते ‘ब्लॉक’ मत. इकडून एक, तिकडून दोन असं केलं, तर क्रेओल या इथल्या बोलीभाषेत त्याला ‘कुपे-त्रांशे’ म्हणतात, अर्थ सरळच, कापून तुकडे करणं. प्रचारात कार्यकर्ते घसा फोडून विनवत असतात ते याचसाठी, की कापू नका, तिन्ही आम्हालाच द्या.

मोजणी दुसऱ्या दिवशी, हातानेच. ज्यांना सगळ्यात जास्त मतं, ते पहिले तिघे निवडून आले.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. उसाचे मळे.]

हा मताचा अधिकार सहज मिळालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मत होतं ते मालमत्ता आणि मिळकत असलेल्यांना. मळ्यात ऊस तोडणारा त्यात कुठून असणार? 1948 च्या निवडणुकीआधी नियम बदलला. बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता येणाऱ्यालाही मत मिळू लागलं, स्त्रियांनाही. तेव्हा समाजसुधारक बासदेव बिसूनदयाल आणि त्यांचे स्वयंसेवक वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले. दिवसभर कोयता धरलेल्या हातांनी पाटीवर आपलं नाव गिरवलं. बारा हजारांच्या आत असलेले मतदार सत्तर हजारांवर गेले. मॉरिशसच्या संसदेची खरी सुरुवात मला तरी या पाट्यांपासूनच मानावीशी वाटते. प्रत्येक सज्ञान माणसाला मत मिळालं ते त्यानंतर, 1959 च्या निवडणुकीत.

पण सगळ्यांना मत मिळालं, तशी दुसरी धास्ती वाढली. भारतीय वंशाचे हिंदू निम्म्याहून जास्त. मग मुसलमानांचं, चिनी वंशाच्या मूठभरांचं, क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, आणि फ्रेंच कुटुंबांचं काय? स्वातंत्र्य मागणारे आणि स्वातंत्र्याला भिणारे अशी उभी फूट पडली होती. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूने साधारण 56 टक्के मतं पडली, विरोधात 44. भीती किती खोल होती ते या 44 वरून कळतं. त्याआधीच, 1966 मध्ये, इंग्रजांनी नेमलेला बॅनवेल आयोग येऊन गेला होता. तीन-तीन सदस्यांचे 20 मतदारसंघ हा त्याचाच आराखडा. त्याच्या शिफारशींवर वाद झाले, वाटाघाटी झाल्या आणि त्यातून आणखी आठ खुर्च्या निघाल्या.

या आठ खुर्च्या हरलेल्यांसाठी आहेत. नावही तसंच आहे, ‘बेस्ट लूझर’.

[दृश्य : फळ्यावर खडूने मांडलेलं गणित.]

हे गणित नीट बघण्यासारखं आहे. संविधानाने लोकसंख्येचे चार गट केले आहेत : हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि या तिन्हींत न बसणारे ते सर्वसाधारण. 1972 च्या जनगणनेत हिंदू 4 लाख 28 हजार, सर्वसाधारण 2 लाख 37 हजार, मुसलमान 1 लाख 37 हजार आणि चिनी 24 हजार होते. आता समजा, निवडून आलेल्या 62 जणांत 36 हिंदू, 18 सर्वसाधारण, 6 मुसलमान आणि 2 चिनी आहेत. प्रत्येक गटाची लोकसंख्या घ्यायची आणि मिळालेल्या जागांत एक मिळवून भागायची. हिंदूंचे 4 लाख 28 हजार भागिले 37, म्हणजे साडेअकरा हजार. सर्वसाधारण गटाचे साडेबारा हजार. चिनींचे आठ हजार. मुसलमानांचे 1 लाख 37 हजार भागिले 7, म्हणजे साडेएकोणीस हजार. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, तो गट सर्वांत मागे राहिला. पहिली खुर्ची त्याची. तिच्यावर बसतो त्या गटातला, सर्वाधिक टक्के मतं मिळवूनही हरलेला पक्षाचा उमेदवार. मग 7 च्या जागी 8 धरून पुन्हा भागाकार.

पहिल्या चार खुर्च्या अशा जातात. पुढच्या चार देताना पक्षांचा तोलही पाहतात, जेणेकरून पहिल्या चारांमुळे जिंकलेल्या पक्षाचं पारडं अधिक जड होऊ नये. हे वाटप निवडणूक देखरेख आयोग करतो.

[दृश्य : निकालाची रात्र, रस्त्यावरचा जल्लोष.]

या खुर्च्या खरोखर कशाला लागतात, ते 1982 साली कळलं. निकाल लागला 60-0. मुख्य बेटावरच्या झाडून सगळ्या जागा एमएमएम आणि त्याच्या साथीदाराने जिंकल्या. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतः नंबर पाचमध्ये पडले. मॉरिशसमध्ये ‘स्वासांत-झेरो’, म्हणजे साठ-शून्य, हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. 1995 मध्ये पुन्हा तेच झालं. 10 नोव्हेंबर 2024 ला तिसऱ्यांदा. त्या वेळी जिंकलेल्या आघाडीला सुमारे 61 टक्के मतं होती, हरलेल्या सरकारला सुमारे 27. म्हणजे चारांतल्या एका मतदाराने ज्यांना मत दिलं, त्यांचा मुख्य बेटावरून एकही माणूस निवडून आला नाही. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ नंबर आठमध्ये हरले.

‘बेस्ट लूझर’ नसते, तर त्या 27 टक्क्यांसाठी सभागृहात बोलणारं कुणी उरलं नसतं. 1982 मध्ये पीएमएसडीचे नेते गाएताँ द्युव्हाल याच वाटेने आत आले आणि विरोधी पक्षनेते झाले. 2024 मध्ये हरलेल्या एमएसएमचे ‘जो’ लेझोंगार यांचंही तसंच झालं. व्यवस्था केली होती समाजांची भीती घालवायला, आणि तिने तीनदा विरोधी पक्ष जिवंत ठेवला.

[दृश्य : व्हाक्वासमधलं मराठी घर, गणपतीची आरती.]

पण याच व्यवस्थेत सल आहे, आणि ती लहान नाही. निवडणूक लढवायची तर उमेदवारी अर्जात लिहावं लागतं, तुम्ही चारांपैकी कोण. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते, इथली मराठी मुलं शाळेत मराठी शिकतात, पण अर्जावर मराठी माणसासाठी वेगळा रकाना नाही. तो हिंदूंत. तमिळ, तेलुगूही हिंदूंतच. बाप मुसलमान आणि आई क्रेओल असलेल्या तरुणाने काय लिहायचं? आणि ज्याला असं काही लिहायचंच नाही, मी मॉरिशियन एवढंच म्हणायचं आहे, त्याने? आकडेही अजून 1972 चेच, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणं बंद झालं आणि 1982 मध्ये संविधानात दुरुस्ती करून तेच आकडे कायम केले. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांवरून आजच्या जागा ठरतात हे मला पटत नाही. ही मोजणी पुन्हा केली तर जुनी भांडणं उकरली जातील, ही भीती मात्र मला खोटी वाटत नाही.

हे गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं. 2012 मध्ये समितीने अर्जदारांच्या बाजूने मत दिलं. 2014 च्या निवडणुकीत समाज न लिहिण्याची मुभा मिळाली, पण ती त्या एका निवडणुकीपुरतीच. 2019 ला रकाना परत आला.

[दृश्य : रॉड्रिग्जचा किनारा, मग पुन्हा सभागृह.]

रॉड्रिग्ज पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर. तिथल्या लोकांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिलं मत दिलं ते थेट 1967 मध्ये. 2002 पासून त्यांची स्वतःची प्रादेशिक सभाही आहे.

सभागृहाची मुदत पाच वर्षांची. 1967 नंतरची निवडणूक लांबत लांबत 1976 वर गेली होती. तो अनुभव लोकांच्या लक्षात राहिला. आज ही मुदत बदलायची तर आधी सार्वमत घ्यावं लागतं, त्यात तीन चतुर्थांश मतदारांची संमती हवी, आणि वर सभागृहातल्या एकूण एक सदस्याचा होकार हवा. संविधानात इतकं जड कुलूप लावलेल्या गोष्टी अगदी मोजक्या.

पंतप्रधानाखेरीज फार तर 24 मंत्री. सभापती सदस्यांमधलाच हवा असं नाही, बाहेरूनही निवडता येतो. राष्ट्रपतींची निवडही हीच सभा करते. कामकाजाची भाषा इंग्रजी, पण 1968 च्या संविधानानेच फ्रेंचमध्ये बोलण्याची मोकळीक दिली. घरी, बाजारात, प्रचारसभेत जवळजवळ सगळे बोलतात त्या क्रेओलचा मात्र त्या कलमात उल्लेख नव्हता.

बैठक बहुतेक मंगळवारी. त्या दिवशी विरोधी पक्षनेत्याला एक खास हक्क असतो. सकाळी सूचना द्यायची आणि त्याच बैठकीत, इतरांच्या आधी, सरकारला प्रश्न विचारायचा. अर्धा तास त्याचा. मंत्र्याला टाळता येत नाही आणि देश थेट प्रक्षेपणात बघत असतो. 60-0 निकालानंतर समोर साठ जण बसलेले असतात. नंबर आठमध्ये, नंबर पाचमध्ये, कुठेच याच्या पक्षाचा माणूस निवडून आलेला नसतो. ज्या खुर्चीवरून तो उठतो, तीही 1972 च्या आकड्यांच्या भागाकारातून मिळालेली. तो उठतो, हातातला कागद सरळ करतो आणि पहिला प्रश्न विचारतो.